कॅनाल द्यु मिदीकाठच्या सायकलमार्गाबाबत खुलासा

दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझपासून थेट भूमध्य समुद्रापर्यंत कॅनाल द्यु मिदी या कालव्याच्या काठाने सलग डांबरी, वाहनमुक्त सायकलमार्ग आहे, असा मजकूर सायकलप्रेमींमध्ये फिरत आहे. तो अर्धाच खरा आहे. तुलूझ ते पोर-लोरागे हा सुमारे ५० किलोमीटरचा टप्पा खरोखरच तसा आहे, आणि सुंदरही. पुढे ओद विभागात मात्र, काही ठिकाणी सुधारणा झाली असली तरी, बरीचशी वाट नावा ओढण्यासाठी ठेवलेली जुनी मातीची पायवाटच असून, चिनारवर्गीय झाडांच्या उघड्या मुळांवर चाक उसळते आणि पावसानंतर चिखलात रुतते. बारीक टायरच्या सायकलला मुलांची गाडी जोडून निघणाऱ्या कुटुंबाची यात फसगत होईल, म्हणून हा खुलासा आवश्यक वाटतो. या टप्प्यासाठी रुंद टायरच घ्यावेत.