‘असूनही’ या शब्दापाशी मी अडखळले

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्तानं आम्ही शाळेत नववी-दहावीच्या लेकरांकडून निबंध लिहून घेतले. विषय नेहमीचाच, ‘विविधतेने नटलेला माझा देश’. ६३ वह्या दोन रात्री बसून तपासल्या. चौथ्या-पाचव्या वहीपासून एक शब्द टोचायला लागला, म्हणून पेन्सिलीनं त्याच्याभोवती गोल करत गेले. ‘आपल्या देशात अनेक धर्म, अनेक भाषा असूनही आपण सारे एक आहोत.’ कुणी ‘असूनही’ लिहिलं, कुणी ‘असतानाही’, कुणी ‘असली तरी’. शेवटी मोजले तर गोल ४० च्या वर गेले होते.

हा शब्द आपण कधी वापरतो ते बघा. ताप असूनही पोरगं परीक्षेला आलं. गावात दोन बोअर असूनही प्यायला पाणी नाही. ‘असूनही’च्या अलीकडचं आणि पलीकडचं एकमेकांशी जमत नसतं, तेव्हाच तो लागतो. मग ‘भाषा अनेक असूनही देश एक’ म्हणताना आपण काय कबूल करतो? अनेक भाषा म्हणजे देशाला आलेला ताप, आणि तरी देश कसाबसा परीक्षेला बसला. लेकरांच्या मनात असं काही नाही, मला माहीत आहे. हे वाक्य गाईडातून आलंय, भाषणांतून आलंय, आम्हा शिक्षकांच्या तोंडून आलंय. ‘विविधतेत एकता’ या मूळ शब्दांत तर साधा सप्तमीचा ‘त’ आहे. घरात माणसं, पाण्यात मासा, तशी विविधतेत एकता. त्या ‘त’चा ‘असूनही’ आपणच केला.

वर्गात मी नेहमी सांगते, विषय वेगळा आणि मध्यवर्ती कल्पना वेगळी. विषय सगळ्या ६३ वह्यांत एकच होता. ‘संस्कृती’, ‘एकात्मता’, ‘परंपरा’ हे मोठे शब्दही सगळ्यांचे सारखेच. लिहिणाऱ्याला नेमकं काय वाटतं ते कळतं बारक्या शब्दांवरून. असूनही, म्हणून, पण, सुद्धा, त्यांचे, आपले. ‘आपल्या देशात इतर धर्माचे लोकसुद्धा राहतात’ हे वाक्य सात वह्यांत होतं. त्यातले ‘इतर’ आणि ‘सुद्धा’ काढून बघा, काय उरतं ते.

एका मुलीच्या वहीत मात्र ‘असूनही’ नव्हता. आमचा देगलूरचा भाग कर्नाटक आणि तेलंगणाला लागून. तिच्या वडिलांचं छोटं किराणा दुकान आहे. तिनं लिहिलं होतं, ‘बाबा गिऱ्हाइकाशी तेलगूत बोलतात, हिशोब उर्दूत करतात आणि मला मराठीत रागावतात. म्हणून आमच्या दुकानात तिन्ही राज्यांतले लोक येतात.’ ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर. काश्मीर नाही, कन्याकुमारी नाही. पण ‘म्हणून’ आहे. ‘असूनही’चं वाक्य तिथंच संपतं, टाळ्या घेतं आणि कुणी पुरावा मागत नाही. ‘म्हणून’ लिहिलं की सांगावं लागतं, कसं ते. तिला दुकान आठवावं लागलं, बापाचा आवाज आठवावा लागला. माझ्या मते सगळ्या वह्यांत खरा निबंध तो एकच होता.

दुसरा शब्द ‘नांदणे’. ‘सर्व जातिधर्मांचे लोक गुण्यागोविंदाने नांदतात.’ फार सुंदर शब्द आहे, मला मनापासून आवडतो. पण आपल्याकडे नांदायला कोण जातं? लेक जाते. ती सासरी नीट नांदते का, याची चौकशी होते. मुलगा नीट नांदतो का, असं कुणी विचारत नाही, कारण घर त्याचंच. म्हणून या वाक्यात मला दरवेळी शंका येते की घर कुणाचं धरलंय आणि जुळवून घ्यायची अपेक्षा कुणाकडून आहे. त्याच शब्दाचा दुसरा वापरही आहे. लग्नात आपण दोघांनाही ‘सुखानं नांदा’ म्हणतो. तिथं घर दोघांचं असतं. मुलांनी लिहिलेला ‘नांदतात’ या दोन्हींपैकी कोणता, ते शेजारच्या वाक्यांवरून शोधावं लागतं. सहिष्णुतेचंही असंच. सह् म्हणजे सोसणं. शेजाऱ्याला सोसतो असं सांगण्यात कसली शोभा? संविधानाच्या उद्देशिकेत ‘बंधुता’ आहे, तो शब्द मला कितीतरी जवळचा वाटतो.

आणि ज्या प्रतिज्ञेतून हा विषय घेतला ती लेकरं रोज परिपाठाला म्हणतात. ‘विविधतेने नटलेल्या परंपरांचा मला अभिमान आहे.’ नटलेल्या! दागिने असूनही ती नटली, असं कुणी म्हणतं का? दागिन्यांनीच ती नटते. आणि पुढच्या वाक्यात त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता अंगी यावी, असं मागणं आहे. ही प्रतिज्ञा १९६२ मध्ये पैडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी मुळात तेलगूत लिहिली. त्यांचा जन्म नलगोंडा जिल्ह्यातला, म्हणजे तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातला. आपणही त्याच संस्थानातले. आठ जिल्हे तेलगू, पाच मराठी, तीन कन्नड आणि कारभार उर्दूत. माझे आजोबा पाढे उर्दूत म्हणायचे आणि अभंग मराठीत. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो, १९५६ ला भाषेप्रमाणे तीन राज्यांत वाटले गेलो. आजोबांचे पाढे मात्र शेवटपर्यंत उर्दूतच राहिले.

एक गोष्ट इथं लिहिलीच पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, तांड्यावरच्या एका मुलानं लिहिलं होतं, ‘माझी याडी ऊसतोडीला गेली आहे.’ मी लाल पेनानं ‘याडी’ खोडून वर ‘आई’ लिहिलं. शुद्धलेखन म्हणूनच, वाईट हेतू काहीच नव्हता. पण त्या वर्षी त्यानं परत घराबद्दल एक ओळ लिहिली नाही. पुढचे सगळे निबंध गाईडातले. त्याच्या आईला मी माझ्या भाषेत आणलं आणि वहीतून घालवलं. ते लाल अक्षर आजही डोळ्यांपुढून जात नाही.

सोमवारी वह्या परत देणार आहे. पेन्सिलीचे गोल तसेच ठेवलेत. ‘असूनही’च्या जागी ‘म्हणून’ घाला आणि पुढचं वाक्य आपल्या गल्लीतलं, आपल्या घरातलं लिहा, एवढंच सांगणार आहे. यंदा वर्गात तांड्यावरच्या दोन मुली आहेत. दोघींनीही ‘आई’ लिहिलंय. त्यांना जवळ बसवून विचारणार आहे, घरी काय हाक मारता गं?