दसऱ्याला अठ्ठावीस पानं

आम्हा कोल्हापूरकरांना दसरा म्हणजे दसरा चौक. अंबाबाईची, भवानीची, गुरुमहाराजांची पालखी येते, दिवस मावळताना छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटायला जी झुंबड उडते, ती बाबांच्या खांद्यावर बसून बघतच मी मोठी झाले.

२०२५ च्या दसऱ्याला मी हाँगकाँगमधल्या एका शाळेत गणित शिकवत होते. २ ऑक्टोबर, गुरुवार. चीनच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी आदल्या दिवशीच संपलेली. ओळखीच्या मराठी घरांनी दसरा शनिवारी करायचं ठरवलं. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. साडेतीन मुहूर्तांतला दिवस आपण सुट्टी बघून सरकवायचा, मग मुहूर्त म्हणायचं कशाला?

आपटा तिथं कुठला मिळणार! पण शाळेच्या फाटकाबाहेर कांचनाच्या जातीची झाडं होती. हाँगकाँगच्या झेंड्यावर पाच पाकळ्यांचं पांढरं फूल आहे ना, ते याच झाडाचं. आपट्याचं हे सख्खं भावंड, पानही तसंच जोडपान. बी धरत नाही, कलमानंच वाढतं. आठवड्यापूर्वी, ऐन नवरात्रात, रगासा वादळ येऊन गेलेलं. वाचलेल्या झाडाची फांदी ओरबाडायला हात होईना. मोजून अठ्ठावीस पानं खुडली, वर्गात तेवढीच मुलं.

आता परत आल्यावर हेच सारखं मनात येतं. आपण दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून आणतो, पोत्यांनी विकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सोनं रस्त्यावर पायाखाली. फार वाईट वाटतं बघून. माणशी एक पान द्या ना, हातात, नाव घेऊन.

वर्गात मी एकेकाच्या हातावर पान ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" आधी मराठीत म्हटलं, मग अर्थ सांगितला. मागच्या बाकावरच्या मुलीनं दप्तरातून वही काढली. आत तसंच एक पान, वाळून तपकिरी झालेलं, शिरा तेवढ्या उठून दिसणाऱ्या. तिच्या आजीनं परीक्षेआधी ठेवायला दिलेलं. तिकडं याला हुशारीचं पान म्हणतात! आम्हीही पाटीपूजनाला एकाची सरस्वती काढून झाली की आपट्याचं पान पुस्तकात ठेवायचो. माझ्या घशाशी दाटून आलं. तिनं हिरवं पान तपकिरी पानाशेजारी ठेवलं आणि वही मिटली.

एक मुलगा आला नव्हता, त्याचं पान माझ्या पर्समध्ये राहिलं.

रात्री पावणेनऊला आईचा फोन. कोल्हापुरात सव्वासहा, मागं चौकातला गलका. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरांस्नी दिलंस, चांगलं केलंस. खाली वॉचमन असतोय न्हवं, त्याला दिलंस काय?"

फोन ठेवला, पान घेतलं आणि लिफ्टनं खाली गेले.