अंडरड्राइव्ह पुली आणि 'फुकटचे २० हॉर्सपॉवर': एका फॉरवर्डला उत्तर

परवा भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "मामा, मागवू का?" मेसेज थोडक्यात असा: क्रँकवरची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकावरची, बेल्टने अल्टरनेटर, वॉटर पंप, एसी फिरवणारी जड मूळ पुली काढा, तिच्या जागी लहान व हलकी ॲल्युमिनियमची अंडरड्राइव्ह पुली, म्हणजे ही उपकरणं हळू फिरवणारी पुली, बसवा. १५ ते २० हॉर्सपॉवर फुकट मिळतात, पिकअप सुधारतं, मायलेज वाढतं, चार्जिंगवर काही परिणाम होत नाही. आणि मूळ पुलीतलं रबर कंपनीने फक्त आवाज दाबायला घातलेलं असतं, रेसवाले ते काढूनच टाकतात.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. बाकीच्या मुद्द्यांनी पैसे वाया जातील, याने इंजिन जाईल.

क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल फिरण्यात बदलणारा तो दांडा, कितीही जाडजूड दिसला तरी चालताना तो पिळला जातो. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की त्या जागी शाफ्ट क्षणभर पुढे ढकलला जातो आणि लगेच उलटा सुटतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे ६००० आरपीएमला सेकंदाला २०० झटके. त्यांच्या पटीतली, ४०० आणि ६०० ची कंपनंही सोबत असतात. शाफ्टची पिळण्या-सुटण्याची स्वतःची एक वारंवारता असते. यातलं एखादं कंपन तिच्याशी जुळलं की झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावत राहावं तसं होतं: झटका लहानच, पण झोका वाढत जातो. सगळ्यात जास्त हेलकावा शाफ्टच्या पुढच्या टोकाला बसतो, जिथे ही पुली असते.

म्हणून पुली दोन भागांत बनवतात. आत शाफ्टवर बसणारा हब, बाहेर जड लोखंडी कडं आणि मध्ये रबर. हब झटक्याने पुढेमागे होतो, कडं आपल्या वजनामुळे मागे रेंगाळतं, रबर मळलं जातं आणि कंपनाची ताकद उष्णतेत जिरते. हे आवाजाचं सोंग नाही. लांब क्रँकशाफ्टच्या सहा सिलिंडर इंजिनांत शाफ्ट तुटू लागले तेव्हा इंजिनवाल्यांना हा उपाय शोधावा लागला. इंग्रज इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१० च्या सुमारासच याच कामाचा, कंपन जिरवणारा डॅम्पर बनवला होता.

डॅम्पर काढून भरीव पुली लावली की काय बिघडतं? अनेक इंजिनांत ऑइल पंपाचा आतला रोटर थेट क्रँकच्या नाकावर बसलेला असतो आणि तो दाबून-भाजून केलेल्या धातूच्या भुकटीचा, म्हणजे ठिसूळ असतो. हेलकाव्यांनी त्याला तडा गेला की ऑइल प्रेशर जातं आणि मागोमाग बेअरिंगं. क्रँकचा बोल्ट सैल होतो, पुली शाफ्टवर अडकवणारी चावी आणि तिची खाच झिजतात, टायमिंग चेनवर अकारण ताण येतो. आणि लोक सांगतात, "मी बसवली, काहीच जाणवलं नाही." जाणवणार नाहीच. हे कंपन शाफ्टच्या आतल्या आत पिळण्याचं आहे, ते सीटपर्यंत किंवा स्टीअरिंगपर्यंत पोचत नाही. जाणवलं नाही हा पुरावा होत नाही.

रेसवाल्यांच्या नावाने जे खपवलं जातं त्याला एकच उत्तर पुरेसं आहे. अमेरिकेतल्या ड्रॅग रेस चालवणाऱ्या एनएचआरएच्या नियमांत, पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला एसएफआय १८.१ या सुरक्षा मानकाचा हार्मोनिक बॅलन्सर, म्हणजे हाच डॅम्पर, सक्तीचा आहे. त्या मानकाचा भर कडं फुटून उडू नये यावर आहे, हे मान्य. पण रेसवाले बॅलन्सर काढूनच टाकत असते तर असा नियम करायची वेळच आली नसती.

काही इंजिनांत तर याच तुकड्यावर समतोलाचं वजनही असतं. फोर्डच्या ३०२ व्ही-८ मध्ये जुन्यांना २८ औंस-इंच (वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर) आणि ऐंशीच्या दशकापासूनच्यांना ५० औंस-इंच असा फरक आहे. तिथे चुकीचा तुकडा बसवला तर मात्र पहिल्या स्टार्टलाच अख्खं इंजिन थरथरतं.

इथे अर्धं सत्य कबूल करतो. त्याच फोर्डमध्ये पुली वेगळी आणि बॅलन्सर वेगळा असतो. पुली सुटी काढून लहान बसवली तर बॅलन्सर जागेवर राहतो. डॅम्परसकट बनवलेल्या अंडरड्राइव्ह पुल्याही मिळतात, आणि काही छोट्या इंजिनांना कंपनीकडूनच भरीव पुली येते. ओळखणं सोपं आहे: हब आणि कडं यांच्यामध्ये काळ्या रबराची बारीक रेघ दिसली की भरीव पुली तिथे लावायची नाही.

आता चार्जिंग. समजा मूळ पुली १५० मिलिमीटरची आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची ५५ ची. आयडलिंगला ७५० आरपीएम असताना अल्टरनेटर साधारण २०५० फेरे घेतो. पुली १२० ची केली की उरतात १६४० च्या आत-बाहेर. बरेच अल्टरनेटर १००० ते १५०० च्या दरम्यान नुकते चार्ज करू लागतात आणि त्यानंतर त्यांचा आलेख एकदम चढतो. म्हणजे वीस टक्के वेग कमी झाला तरी करंट वीस टक्क्यांहून बराच जास्त घटतो. रात्री, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून वाहतुकीत अडकलेली गाडी नेमकी इथेच असते. त्यावर "मोठा अल्टरनेटर लावा" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की जास्त अँपिअरचे बरेच अल्टरनेटर कमी वेगाला मूळच्यापेक्षाही कमी देतात. अल्टरनेटरची पुलीच लहान केली तर त्याच्यापुरतं अंडरड्राइव्ह रद्द झालं, मग केलं कशाला?

वीस हॉर्सपॉवरचा दावा हिशेबातच बसत नाही. १४ व्होल्टला ५० अँपिअर म्हणजे ७०० वॉट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर तो इंजिनाकडून दीड हॉर्सपॉवर घेतो. हळू फिरवला तरी गाडीला तेवढेच वॉट लागतात, म्हणून वाचते ती फक्त त्याच्या घर्षणाची आणि आतल्या पंख्याची थोडी ताकद. वॉटर पंपाचं खरंच वाचतं: वेग ८० टक्के झाला की प्रवाह ८० टक्के, पण लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात घटून ५१ टक्के. मात्र अनेक इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर असतो, त्याला या पुलीचा स्पर्शही नाही. एसीचा क्लच बंद असताना कॉम्प्रेसर जवळजवळ काही खात नाही आणि इलेक्ट्रिक स्टीअरिंगच्या गाडीत पंपच नसतो. साध्या चार सिलिंडर गाडीत एसी बंद असताना ही सगळी उपकरणं मिळून चार-सहा हॉर्सपॉवरच्या आसपास घेतात. त्यातून वीस वाचणार कुठून? शेवटच्या आरपीएमला एक-दोन मिळतील, आणि तेवढा फरक तर टायरची हवा किंवा ऑइलचं तापमान बदललं तरी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, दिसतो.

पिकअप: दीड किलो वजन ७५ मिलिमीटर त्रिज्येच्या चकतीतून कमी झालं असं धरा. तिसऱ्या गिअरला, एकूण रेशो ५.५ (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे साडेपाच) आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर असताना, ते गाडीतून सुमारे १.४ किलो उतरवण्याइतकं आहे. पहिल्या गिअरला नऊ किलो. मायलेज? हायवेवर शेकडा एकाच्या आत-बाहेर.

एका ठिकाणी मात्र ही पुली खरी कामाची. ट्रॅकवर ९००० आरपीएमला सतत फिरणाऱ्या इंजिनात मूळ पुलीच्या मापाने अल्टरनेटर २४,५०० वर जाईल आणि वॉटर पंपात पोकळी तयार होऊन पाणी ढकललंच जाणार नाही. तिथे वेग उतरवावाच लागतो. ज्याला सिग्नलवर थांबायचंच नाही त्याच्यासाठी हा सुटा भाग आहे.

एवढं वाचूनही कोणाला डॅम्परवाली लावायचीच असेल, तर क्रँक सेन्सरचे दात आणि टायमिंगच्या खुणा मूळ पुलीवर आहेत का ते आधी बघा. मूळवर दात असून नव्यावर नसतील तर गाडी स्टार्टच होणार नाही. व्यास ३० मिलिमीटरने घटला की बेल्ट साधारण ४७ मिलिमीटर लांब पडतो, म्हणजे ६पीके २१०० (सहा धारांचा, २१०० मिलिमीटर लांबीचा) च्या जागी ६पीके २०५० च्या जवळपासचा लागेल. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची खूण दोन रेघांच्या आत आली पाहिजे. एकदाच वापरायचा बोल्ट असेल तर नवाच घाला आणि टॉर्क मॅन्युअलमधलाच द्या, इम्पॅक्ट गनने अंदाजाने नको. मग गरम इंजिन, आयडलिंग, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. १३.२ च्या खाली गेलं तर धोक्याची सूचना समजा, १२.६ च्या खाली गेलं तर गाडी बॅटरी खाऊन चालली आहे.

भाच्याला उत्तर: मागवू नकोस. पुढच्या सर्व्हिसिंगला आहे त्याच पुलीचं रबर बघ. हबपासून कड्यापर्यंत खडूने एक सरळ रेघ ओढ आणि काही दिवसांनी पुन्हा पाहा. रेघ तुटून सरकलेली दिसली, किंवा रबर चिरून बाहेर आलं असेल, तर मूळ मापाचा नवा डॅम्पर बसवून घे.