अंकल, तुम्ही डॉर्मंट आहात

"अंकल, तुम्ही डॉर्मंट आहात."

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या एका बँकेत काचेपलीकडच्या मुलीने मला हे सांगितलं, तेही पंख्याच्या आवाजावर मात करत, खणखणीत. रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस. स्कूटर लावायला जागा शोधून शोधून मी घामाघूम, हेल्मेटने केस चप्प बसलेले, पिशवीत हरमलच्या मिरच्या. त्या अवतारात माणूस डॉर्मंट दिसतही असेल. पण सांगायची काही रीत असते.

डॉर्मंट होतं ते खातं. दोन वर्षं तुम्ही काही भरलं नाही, काढलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते निष्क्रिय. बँक व्याज जमा करते ते धरत नाहीत. खातेदाराने स्वतः हालचाल करायला हवी. इथवर मान्य. पण पासबुक छापून घेतलं, तर त्याच दोन वर्षांत दर तीन महिन्यांनी एसएमएसचे 17 रुपये 70 पैसे न चुकता गेलेले. 15 रुपये आकार, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे माझ्यापुरतं खातं गाढ झोपलेलं आणि बँकेपुरतं टक्क जागं! हे मी त्या मुलीला म्हटलं. तिने स्क्रीनकडे बघत उत्तर दिलं, "सिस्टमांत फ्लॅग आयला, अंकल."

कोकणीत 'आयला' म्हणजे 'आला आहे', हे मला ठाऊक आहे. जन्म गोव्यातच गेलाय. तरी त्या क्षणी मराठीतला अर्थच मला जवळचा वाटला.

"फ्लॅग म्हणजे काय, माहीत आहे?"

हा प्रश्न मागच्या खुर्चीतून आला. ऐंशी ओलांडलेले गृहस्थ. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात पेन्शनचे कागद, आधार कार्ड व एक ताजी पोई, म्हणजे आमचा गोव्याचा पाव. इंग्रजीचे निवृत्त मास्तर. लहानपण पोर्तुगीज शाळेत गेलं, 1961 नंतर इंग्रजी शिकले, "आणि शिकता शिकताच शिकवायला लागलो," असं त्यांनी मी न विचारता सांगितलं. हयातीचा दाखला द्यायला आले होते. मशीनवर अंगठा उमटत नव्हता म्हणून त्यांना बाजूला बसवून ठेवलं होतं. मोकळा वेळ, इंग्रजीचा व्यासंग आणि समोर आयतं गिऱ्हाईक.

"फ्लॅग म्हणजे झेंडा. वर फडकतो तो. आणि टू फ्लॅग म्हणजे? गळपटणं. मान खाली घालणं. स्पेलिंग तेच! आता तूच सांग, ही भाषा मुलांना शिकवायची कशी?"

"मास्तर, माझं खातं..."

"तिथेच येतोय. डॉर्मंट. पोर्तुगीजमध्ये दोर्मिर म्हणजे झोपणं. पायाला मुंग्या आल्या की पाय दोर्मेंत. तुझ्या खात्याला मुंग्या आल्यात रे बाबा. जरा झटकलं की होईल चालू. घाबरू नको."

मी घाबरलो नव्हतो, चिडलो होतो. पण मास्तर आता वर्गात होते. "विल्ट वेगळं आणि विदर वेगळं, हं. दुपारी बाजारात तांबडी भाजी मान टाकते ना, ते विल्ट. पाणी मारलं की परत उभी. विदर झाली म्हणजे वाळली, मग गाईला घाल. वेन ते चंद्राचं. तो रोडावतो, पण पंधरा दिवसांनी परत येतो, त्याची काळजी नको. एब ते ओहोटीचं, तिचंही तसंच. खरं वाईट कुठलं, सांगू?"

"लँग्विश?" मी उगाच बोलून गेलो. शाळेची सवय, आपल्याला एक तरी उत्तर येतं हे दाखवायची.

मास्तर उभेच राहिले. "शाब्बास! कांदोळीला ती रिव्हर प्रिन्सेस बघितली होतीस?"

बघितली होती म्हणजे काय! 2000च्या पावसाळ्याच्या तोंडाला ते जहाज किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं, ते दहा वर्षं उलटली तरी तिथेच. आज काढतील, उद्या काढतील. पाहुणे आले की आम्ही किल्ला दाखवायचो, देऊळ दाखवायचो आणि मग जहाज दाखवायचो. माझी मुलगी चित्रात समुद्र काढायची, त्यात ते गंजकं जहाज असायचंच. समुद्रात जहाज चालतं, हे तिला पुढे कधीतरी समजावून सांगावं लागलं.

"ती लँग्विश!" मास्तर म्हणाले. "आपल्या मराठीत खितपत पडणं. यात झोपबीप काही नाही. डॉर्मंट म्हटलं की दोष झोपणाऱ्याचा. खितपत म्हटलं की लोक विचारतात, कुणी पाडून ठेवलंय? म्हणून तुझ्या त्या फॉर्मवर डॉर्मंट लिहिलंय. बँक काय खुळी आहे?"

रांगेतली एक बाई हसली. काचेपलीकडची मुलगी हसली नाही; तिने केवायसीचा फॉर्म पुढे सरकवला. फॉर्म भरता भरता मी भिंतीवरची सूचना वाचत होतो. दहा वर्षं कुणी ठेवीला हात लावला नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. नंतरही मागता येते, पण आधी सापडायला हवी, म्हणून पोर्टल काढलंय. त्याचं नाव 'उद्गम'. जिथे पैसा आटला तिथे शोधायला जायचं आणि त्या जागेला म्हणायचं उद्गम! हे नाव सुचलेल्या माणसाला मला एकदा आमच्या मास्तरांसमोर बसवायचंय.

तेवढ्यात मास्तरांना परत मशीनकडे बोलावलं. एकदा, दोनदा, चारदा. उमटेना. "पस्तीस वर्षं खडू धरला, सगळ्या रेघा गेल्या," ते म्हणाले. मुलगी उठून बाहेर आली, स्वतःचा रुमाल ओला करून तिने त्यांचा अंगठा पुसला, "सवकास, मास्तर" म्हणत काचेवर टेकवला. पिंक असा आवाज झाला. मास्तर पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत. मला आनंद झालाच, पण ते 'मास्तर' आणि मी 'अंकल', हे काही केल्या मनातून जाईना.

माझा फॉर्म तिने तपासला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "अंकल, सही जुळत नाही."

स्क्रीनवर माझी 2009 सालची सही होती. पहिलं अक्षर फेटा बांधल्यासारखं, मधली वळणं सुटसुटीत, खाली दोन रेघा आणि रेघांखाली दोन टिंबं. शेजारी आजची सही. पहिलं अक्षर कसंबसं आणि पुढे शाईत पडलेली मुंगी चालत गेल्यासारखी एक रेघ. टिंबं कुठल्या साली गळली, मला आठवत नाही.

"आधीची बघा, किती स्ट्राँग आहे," ती म्हणाली. "सोमवारी या. पण तशीच करा हं."

मास्तरांनी वाकून दोन्ही सह्या पाहिल्या. मी वाट बघत होतो; याला इंग्रजीत दोन-चार शब्द नक्की असणार. मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतली पोई काढली, अर्धी मोडली आणि माझ्या हातात दिली.

घरी आल्यापासून वर्तमानपत्राच्या कडेला सराव चालू आहे. फेटा जमतोय, रेघा जमतात, मधली वळणं मात्र येत नाहीत. काल रात्री बायको मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती.

"कुणाची सही गिरवताय?" तिने विचारलं.