फायदा आजच्या रुग्णालाही होतो
‘रुग्णनोंदणीचा उपयोग पुढच्या पिढीला, आजच्या रुग्णाला नाही’ हे तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. रुग्णनोंदणी म्हणजे एखाद्या आजाराच्या रुग्णांची माहिती एका ठिकाणी जमवणं. माझ्या भाचीला चौदाव्या वर्षी अंडाशयात सर्टोली-लायडिग नावाची अतिशय विरळ गाठ निघाली. या गाठींची आंतरराष्ट्रीय नोंदणी अमेरिकेत मिनेसोटात चालते. तिथले तज्ज्ञ गाठीच्या नमुन्याच्या स्लाइड पुन्हा तपासतात, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सल्लाही देतात. आमच्या डॉक्टरांनी तिथे विचारलं, म्हणून डायसर-१ जनुकाची चाचणी झाली. दोष सापडला. तो भावंडांतही असू शकतो आणि त्यामुळे लहान मुलांच्या फुप्फुसांत गाठी होऊ शकतात, म्हणून तिच्या धाकट्या भावाच्या फुप्फुसांचीही तपासणी झाली. हा उपयोग आजचाच ना?

मुंबईत १९६३ पासून कर्करोगनोंदणी आहे, पण तिचं मुख्य काम कुठला कर्करोग किती जणांना होतो हे मोजण्याचं. इतक्या विरळ गाठींसाठी निदानाची फेरतपासणी आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा लागतो. आपल्या डॉक्टरांनी अशा मुलींची नोंद तिकडे जरूर करावी.