जुन्या ट्रकचा स्टिअरिंग कॉलम: तुमच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

चाळीस-पन्नासच्या दशकातल्या शेवरोले पिकअपला बाजारातला नवा टिल्ट कॉलम, म्हणजे स्टिअरिंग चाक धरणारा आणि त्याचा कोन वर-खाली करू देणारा दांडा, कसा बसवावा, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही मोठी आणि बरीच चिडलेली प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सत्तर वर्षं बिनतक्रार चाललेला कॉलम काढायला सांगून मी गाडीचं मूळपण घालवतोय. कॉलमच्या आत फिरणाऱ्या एकसंध शाफ्टच्या जागी जॉइंट घालून, जिथे तुटायला काही नव्हतं तिथे तुटण्याची सोय करतोय. जॉइंटच्या कोनांवर एवढं लिहिण्यापेक्षा शाफ्ट थेट वेल्ड करायला सांगितलं असतं तर काम सोपं झालं असतं. शिवाय तुमच्या मित्राच्या ट्रकला असा कॉलम बसवल्यापासून ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकायचे थांबतात, हा पुरावाही तुम्ही दिलाय.

मूळपणाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ट्रक कारखान्यातून निघाला तसाच जपायचा असेल तर कॉलमला हात लावू नका. स्टिअरिंग बॉक्स (शाफ्टचं फिरणं पुढच्या चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी) उघडा, बेअरिंग आणि बुश बदला, प्ले (सैलपणा) काढा, ग्रीस-तेल नवं भरा. त्या ट्रकचा तो हक्कच आहे. पण मी ज्यांच्यासाठी लिहिलं ते लोक इंजिन बदलून, पुढे डिस्क ब्रेक लावून, पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स घालून तो ट्रक हायवेवर रोज चालवतात. तिथे मूळ कॉलम तसाच ठेवायचा आग्रह मला पटत नाही.

कारण तो कॉलम कसा बनलाय ते बघा. त्या काळच्या शेवरोलेमध्ये आणि फोर्डच्या एफ-100 मध्येही शाफ्ट बॉक्समधूनच निघतो आणि एका दमात स्टिअरिंगच्या चाकापर्यंत येतो. बॉक्स पुढे चेसिसला बोल्ट केलेला, चाक तुमच्या छातीसमोर आणि मधे सलग पोलादी दांडा. समोरून जोराची धडक बसली, चेसिसचं पुढचं टोक मागे सरकलं, की बॉक्स मागे येतो आणि तो दांडा भाल्यासारखा चालकाच्या अंगावर येतो. तुम्ही ज्याला ‘तुटायला काही नव्हतं’ म्हणता, तीच तर अडचण आहे. धडकेत जे दुमडायला हवं, ते तिथे दुमडतच नाही.

हा धोका मी शोधून काढलेला नाही. जनरल मोटर्सने 1967 च्या मॉडेलपासून आपल्या कारमध्ये धक्का पचवून आत दबणारा कॉलम दिला. 1968 पासून अमेरिकेत प्रवासी कारसाठी नियमच आला: ताशी 48 किलोमीटर वेगाने भिंतीवर धडक दिली तर कॉलमचं वरचं टोक 127 मिलिमीटरपेक्षा जास्त मागे येता कामा नये. हलक्या ट्रकपर्यंत तो नियम पोचायला पुढे दहाहून जास्त वर्षं लागली. म्हणजे आपण ज्या ट्रकवर जीव टाकतो, त्यांच्यापैकी बहुतेकांवर ही परीक्षा कधी झालेलीच नाही. ‘सत्तर वर्षं चालला’ याचा अर्थ सत्तर वर्षं तशी धडक बसली नाही, एवढाच.

मात्र नवा कॉलम आणला की सुरक्षा आपोआप आली असंही नाही. बाजारातले कितीतरी कॉलम फक्त दिसायला नवे असतात, आत दबत नाहीत. म्हणून विकत घेण्याआधी तो दबणारा आहे का, हे विचारून घ्या. आणि दबणारा असेल तर बसवताना शाफ्टच्या टोकावर हातोडी मारू नका. या प्रकारच्या अनेक कॉलममध्ये शाफ्टचे दोन भाग प्लास्टिकच्या बारीक पिनांनी धरलेले असतात. हातोडीच्या ठोक्याने त्या पिना कापल्या जातात. कॉलम बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सैल झालेला असतो.

आता जॉइंट. हा भाग मी लांबवला असं तुम्हाला वाटलं, पण बसवण्याचं खरं काम इथेच आहे. कॉलम केबिनला बांधलेला असतो, बॉक्स चेसिसला. या ट्रकची केबिन रबरी माउंटवर बसते आणि खराब रस्त्यावर चेसिस पिळवटतो, म्हणजे दोघं एकमेकांच्या तुलनेत सतत हलत असतात. तुम्ही सुचवता तसं कॉलम आणि बॉक्स थेट वेल्ड केलं तर ती सगळी हालचाल कॉलमच्या खालच्या बेअरिंगवर आणि बॉक्सच्या बेअरिंगवर येते. आणि वर पुन्हा तोच भाला तयार होतो. म्हणून मधे दोन युनिव्हर्सल जॉइंट (कोनात असलेले दोन शाफ्ट जोडून फिरवणारे सांधे) आणि लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता शाफ्ट हवा. धडकेत कोनात असलेले हे तुकडे दुमडतात, सरकता भाग आत जातो.

कोनांचं गणित असं. एकच जॉइंट 30 अंशांत असेल, तर तुम्ही चाक एकसारखं फिरवलं तरी पुढचा शाफ्ट एका फेरीत दोनदा सुमारे 13 टक्के हळू आणि दोनदा 15 टक्के जलद फिरतो. हाताला स्टिअरिंग मधेच जड, मधेच हलकं लागतं. दोन जॉइंटचे कोन सारखे ठेवले आणि मधल्या शाफ्टवरचे दोन्ही योक (जॉइंटचे दुबेळके तुकडे) एका रेषेत बसवले तर एकाचा दोष दुसरा काढतो. योक 90 अंशांनी चुकवून बसवले तर उलटं होतं, फरक 25 ते 33 टक्क्यांपर्यंत जातो. लोक मग बॉक्सला दोष देतात. दोन जॉइंटमध्ये भागत नसेल आणि तिसरा घालावा लागला, तर शाफ्टला मधे आधाराचं बेअरिंग हवंच, नाहीतर तो दोरीउडीसारखा झोल खातो.

तुमची तुटण्याची भीती मी हलक्यात घेत नाही. जॉइंट तुटण्यापेक्षा सुटतो जास्त, आणि तो कुठे सुटतो हे ठाऊक आहे. आधी शाफ्टच्या टोकावरचे, जॉइंटमध्ये अडकणारे दाते मोजा: पाऊण इंची शाफ्टवर 30 दाते असतात तसे 36 ही असतात, नजरेला फरक कळत नाही. कळेना म्हणून ठोकून बसवलेला जॉइंट दाते खातो. मग सेट-स्क्रूच्या (जॉइंट शाफ्टवर आवळून धरणाऱ्या स्क्रूच्या) भोकातून शाफ्टवर खूण करा, जॉइंट काढा, त्या खुणेवर ड्रिलने उथळ खळगा पाडा, जॉइंट परत चढवा आणि स्क्रूचं टोक त्या खळग्यात बसवा. थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा, वरून लॉकनट आवळा. नुसता घट्ट आवळलेला स्क्रू गुळगुळीत शाफ्टवरून सरकू शकतो, खळग्यात बसलेला सरकत नाही. शेवटी पुढची चाकं उचलून आणि नंतर जमिनीवर टेकवून, दोन्ही वेळा स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. कुठेही अडलं किंवा एक्झॉस्टला घासलं, तर ट्रक बाहेर काढू नका.

राहिला मित्राचा ट्रक. त्यात कॉलमचा दोष नाही, वायरिंगचा आहे. अमेरिकन पद्धतीत मागे ब्रेक आणि इंडिकेटरला बल्बमधलं एकच फिलामेंट (पेटणारी तार) असतं, म्हणून ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या स्विचमधूनच जावा लागतो. जनरल मोटर्सच्या पद्धतीच्या कॉलममध्ये त्यासाठी पांढरी वायर असते. मागच्या डाव्या दिव्याला पिवळी, उजव्याला गडद हिरवी. मित्राच्या ट्रकमध्ये ब्रेक स्विचवरून मागच्या दिव्यांकडे थेट जाणारी जुनी वायर बहुधा तशीच राहिली आहे. ब्रेक दाबला की ती दोन्ही दिवे सलग पेटते ठेवते, मग लुकलुकणं दिसणार कसं? ती वायर दिव्यांपासून सोडवा आणि ब्रेक स्विचचं ते टोक पांढऱ्या वायरला जोडा. हॉर्नही वाजत नसेल तर आधी कॉलमचं अर्थिंग (चेसिसशी विजेची जोडणी) तपासायला सांगा. रंगवलेला ब्रॅकेट आणि खालचं रबर यामुळे ते अनेकदा मिळतच नाही, कॉलमपासून चेसिसपर्यंत एक वेगळी वायर ओढली की काम होतं.