लॅपटॉप बंद पडला म्हणून फाइल्सचं सुतक कशाला?

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवरून आला. एक सोसायटीचा, एक शाळेतल्या मित्रांचा आणि कहर म्हणजे एक आम्हा दुरुस्तीवाल्यांचाच. शीर्षक 'लॅपटॉप सुरू होत नाही? डेटा वाचवण्याचे घरगुती उपाय'. शेवटी हात जोडलेले आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. म्हणणं थोडक्यात असं: लॅपटॉप उठत नाही म्हणजे हार्ड डिस्क उडाली. वीस-पंचवीस वेळा बंद-चालू करा, चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासायची सोय) मारा. नाही जमलं तर डिस्क काढून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. तरीही नाही, तर सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज टाका. डीला धक्का लागत नाही आणि सीमधलं रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत येतं. पासवर्ड आडवा आला तर डिस्क दुसऱ्या मशीनला लावा. आणि परत मिळालेल्या फाइलीत अक्षरं वेडीवाकडी दिसली तर ती करप्ट समजून उडवून टाका.

साताऱ्यात बारा वर्षं मी हेच काम करतोय. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये लॅपटॉपच्या बिघाडाने गेलेल्या फाइल्स कमी असतात. बिघाड झाल्यावर घरच्यांनी किंवा दुसऱ्या दुकानदाराने जे उपाय केले, त्यांत गेलेल्या जास्त.

पहिलंच वाक्य घ्या, 'लॅपटॉप उठत नाही म्हणजे हार्ड डिस्क उडाली'. परवा एक निवृत्त गुरुजी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा फिरायचा, स्क्रीन काळी ठिक्कर. त्यात त्यांनी वर्षभर बसून टाइप केलेला घराण्याचा इतिहास. "गेलं का रे सगळं?" एवढंच विचारलं त्यांनी. मी खालचं झाकण उघडलं, आधी बॅटरीची पिन सोडवली, रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासला, परत बसवली. डिस्प्ले आला. गुरुजींना पटेना. त्यांना वाटलं, मी आतून काहीतरी बदललं.

फाइल्स राहतात डिस्कवर. चार्जर, बॅटरी, रॅम, स्क्रीन, मदरबोर्ड यांतलं काहीही गेलं तरी लॅपटॉप मेल्यासारखाच दिसतो, पण डिस्कला त्याची खबरही नसते. म्हणून आधी लक्षण बघा. एकही दिवा लागत नाही? दुसरा चार्जर लावून बघा. मग चार्जर काढून पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा आणि पुन्हा प्रयत्न करा. पंखा फिरतो, कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो, पण स्क्रीन काळी? एचडीएमआयची वायर टीव्हीला लावा, कदाचित चित्र तिकडे दिसेल. कंपनीचा लोगो येऊन गोल गोल फिरत राहतं? बहुतेक वेळा तो विंडोजचा घोळ असतो. डिस्कवर पहिला संशय घ्यायचा तो 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा मजकूर आला किंवा आतून टकटक ऐकू आली तर.

१९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या मशीनमधल्या फाइल्सना काय झालं होतं? काहीही नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी जरुरीपुरती सुरू करून, एक फाइल उडवली की मशीन उठत होतं. त्या दिवशी कोणी 'उठत नाही ना, मारा फॉरमॅट' म्हणून मोकळं झालं असतं, तर नुकसान त्या फॉरमॅटने केलं असतं.

आता 'वीस-पंचवीस वेळा बंद-चालू करा, चेकडिस्क मारा'. डिस्क ठणठणीत असेल तर याने फार बिघडत नाही, फायदाही नाही. पण फिरत्या चकतीची हार्ड डिस्क खरोखर आजारी असेल, तर प्रत्येक वेळी चालू करणं म्हणजे मोडक्या पायाने जिना चढायला लावणं. चेकडिस्क तर फाइल्स वाचवायला बनलेलीच नाही. तिचं काम फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे त्या नोंदवहीचा, हिशोब जुळवणं. खराब डिस्कवर दुरुस्तीला बसवली, तर जुळत नाहीत त्या नोंदी ती छाटते आणि उरलेले तुकडे फाउंड-झिरो-झिरो-झिरो नावाच्या फोल्डरमध्ये कोंबते. तिथून लग्नाचे फोटो शोधून काढणं हे वैऱ्यावरही येऊ नये असं काम आहे. आम्ही आधी डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने डिस्कची दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर नक्कल काढतो. तो चांगला भाग आधी उचलतो, अडलेल्या जागी हट्ट धरत नाही, त्या टिपून ठेवतो आणि शेवटी परत येऊन बघतो. मग जे प्रयोग करायचे ते नकलेवर. टकटक येत असेल तर तेही नको. वीज तोडा आणि क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या प्रयोगशाळेचा खर्च विचारा. तो पाच आकड्यांत जाऊ शकतो, तेव्हा आत काय आहे त्यावरून ठरवा.

फ्रीजरचा उपाय निराधार नाही, हे कबूल करतो. फार जुन्या डिस्कमध्ये अडकलेला भाग थंडीने आकसून क्षणभर सुटायचा, कुणाचं नशीब फळफळायचं आणि गोष्ट पसरायची. पण आजच्या डिस्कमध्ये वाचणारं डोकं चकतीपासून मोजक्या नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाचा केस त्या मानाने हजारो पट जाड. बऱ्याच डिस्कवर एक बारीक भोक असतं आणि शेजारी 'हे झाकू नका' असं छापलेलं असतं. डिस्क तिथून श्वास घेते. फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसा जुलै महिन्यात रत्नागिरीत त्या चकतीला आतून आला तर काय होईल? एसएसडीचं, म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कचं म्हणाल तर तिच्यात हलणारं काहीच नाही. ती फ्रीजरमध्ये ठेवून फक्त मटाराची जागा अडते.

सगळ्यात जास्त घरं बुडवली ती चौथ्या उपायाने: 'सी फॉरमॅट करा, विंडोज टाका, डी सुरक्षित राहतो, बाकीचं सॉफ्टवेअरने येतं.' यात दोन चुका एकमेकींच्या पाठीवर बसल्यात.

पहिली चूक डीची. आपल्याकडे नवा लॅपटॉप घेतला की दुकानदार त्याच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि लोकांना वाटतं डी म्हणजे वेगळं कपाट. कपाट एकच, कप्पे तीन. डिस्क गेली तर तिन्ही गेले. नुसता सी फॉरमॅट केला तर डी वाचतो, हे खरं. पण लोक फाइल्स ठेवतात कुठे? डेस्कटॉपवर! आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळं मुळात सीवरच असतं. "डेस्कटॉपवर होतं, सीमध्ये नव्हतं," असं मला किती जणांनी सांगितलंय याची गणती नाही. शिवाय घाईतला कारागीर इन्स्टॉल करताना सगळी पार्टिशन उडवून मोकळा होतो, ते वेगळंच.

दुसरी चूक सॉफ्टवेअरची. जुन्या हार्ड डिस्कवर ते बऱ्यापैकी चालायचं. सातबाऱ्यावरून नाव खोडलं तरी शेतात ऊस उभाच असतो, तशी फाइल पुसली तरी चकतीवर मजकूर राहायचा, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. एसएसडीत तसं नाही. तिला भरलेल्या जागेवर थेट लिहिता येत नाही, आधी ती जागा साफ करावी लागते. म्हणून फाइल पुसली किंवा फॉरमॅट मारला की विंडोज तिला लगेच कळवते, 'या जागा मोकळ्या झाल्या'. या निरोपाचं नाव ट्रिम, विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून तो आहे. निरोप मिळाला की एसएसडी सवडीने जागा साफ करते. म्हणजे सातबाऱ्यावरून नाव खोडलं की त्याच रात्री शेतात जेसीबी. त्यानंतर कितीही महागडं सॉफ्टवेअर चालवा, त्या जागी शून्यंच वाचायला मिळतात. आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते आणि हा मेसेज हार्ड डिस्कच्या जमान्यातला.

गंमत अशी की विंडोज टाकायला तुम्ही जो पेनड्राइव्ह लावणार, त्याच पेनड्राइव्हने फाइल्स बाहेर काढता येतात. दुसऱ्या मशीनवर १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) तयार करा, तो बंद लॅपटॉपला लावा, सुरू करताना बूट मेन्यूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं त्या यादीची, की दाबत राहा (डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९) आणि पेनड्राइव्ह निवडा. उबंटू विचारतं, नुसतं वापरून बघायचं की इन्स्टॉल करायचं. नुसतं वापरायचं म्हणा. इन्स्टॉलला चुकूनही हात लावू नका. मग आतली डिस्क फोल्डरसारखी दिसते, युजर्समध्ये तुमच्या नावाचं फोल्डर असतं, ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. विंडोज नीट बंद झाली नसेल तर कधी ती डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. बरंच आहे, आपल्याला लिहायचं नाहीच.

मदरबोर्डच गेला असेल तर डिस्क बाहेर काढा. अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याचा जुना प्रकार) डिस्क असेल तर साटा-यूएसबी वायर पाचशेच्या आसपास मिळते. च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम-डॉट-टू एसएसडी असेल तर केसिंग (ती यूएसबीला जोडायची डबी) घेण्याआधी टोक बघा: दोन खाचा असतील तर बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई हा नवा प्रकार. एकाचं केसिंग दुसऱ्याला चालेलच असं नाही, त्यामुळे दोन्हींना चालणारं मागा. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावरच डाग मारून बसवलेली असते, तिथे पेनड्राइव्हचाच मार्ग. आणि अ‍ॅपलच्या एम-वन आणि त्यापुढच्या मॅकबुकात चिप बोर्डावर असतेच, वर तिच्यातला मजकूर त्याच बोर्डाच्या किल्लीने कुलूपबंद असतो. तिथे बोर्ड जिवंत करणारा कारागीर शोधावा लागतो.

'पासवर्ड आडवा आला तर डिस्क दुसऱ्या मशीनला लावा' हे वाक्य दहा वर्षांपूर्वी मीही सांगायचो. तेव्हा विंडोजचा पासवर्ड म्हणजे पुढच्या दाराची कडी होती. डिस्क दुसरीकडे लावली की 'तुम्हाला परवानगी नाही' असं यायचं, कंटिन्यू दाबलं की आत. आता विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला न विचारता; २०२४ च्या अपडेटनंतर तर आणखी मशीन यात आली. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड बदलला तरी मागते, कारण कुलपाची किल्ली जुन्या बोर्डावरच्या चिपमध्ये राहते.

ही की त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये डिव्हाइसच्या पानावर जपलेली असते. कॉलेजच्या किंवा कंपनीच्या आयडीने लॉगिन केलेलं असेल तर तिथल्या आयटीवाल्यांकडे. गेल्या वर्षी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी आली. बोर्ड जळलेला, एसएसडी ठणठणीत, प्रोजेक्टचा सगळा कोड आत. मी म्हटलं, तुझ्या अकाउंटमधून की काढू. तिच्या अकाउंटमध्ये काहीच नव्हतं. चौकशीअंती कळलं, लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोराने 'ताई, मी सेट करून देतो' म्हणून स्वतःच तयार केलेल्या कुठल्याशा मेल आयडीने तो सुरू केला होता. पोरगा नोकरी सोडून गेलेला, आयडी कुणालाच आठवत नाही. ती एसएसडी अजून तिच्याकडे आहे, एकही फाइल न बिघडलेली आणि एकही न उघडणारी. तुमचा लॅपटॉप आज चालू असेल तर ते ४८ आकडे आजच कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या पिशवीत टाका.

मेसेजमध्ये नाही, पण हटकून कोणीतरी म्हणतं, 'सगळं क्लाउडवर असतंच की.' मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह फुकटात ५ जीबी देतं आणि बॅकअप चालू केलाच असेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरावीक फोल्डरंच उचलतं. डाउनलोड्स नाही, डी ड्राइव्ह तर नाहीच. जागा भरली की पुढचं थांबतं.

उरलं ते अक्षरांचं. हे वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. एका छापखान्याच्या मालकांची डिस्क मी वाचवली होती. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, देवस्थानाच्या पावत्या. घरी जाऊन त्यांनी फाइल उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. फोनवर म्हणाले, "सगळं सडलंय हो, पुसून टाकतो." मी ओरडलोच, "काका, हात लावू नका!" ते काम युनिकोड, म्हणजे आज सगळ्या मशीनवर चालणारी मराठी अक्षरांची पद्धत, रुळण्याआधीचं होतं. श्रीलिपी, आयएसएम या सॉफ्टवेअरच्या किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. मराठी दिसतं ते फक्त फॉन्टमुळे. नव्या मशीनवर तो फॉन्ट नाही म्हणून गिचमिड. त्यामुळे जुनी डिस्क उतरवताना मी विंडोजमधलं फॉन्ट्सचं फोल्डरही न विसरता उचलतो. काकांचंही उचललं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन त्यातले फॉन्ट टाकले आणि पहिलीच फाइल उघडली. वर मधोमध, ठसठशीत: ॥ श्री गजानन प्रसन्न ॥